घारी दारात आली होती

त्याला सगळे मॉडेल म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं चांगलं नाव होतं की, पण ते लाईटच्या बिलापुरतं उरलं होतं. रस्त्यावरून जुनी गाडी गेली रे गेली, की ह्याच्या तोंडातून साल बाहेर पडायचं. "पासष्टचं मॉडेल." "हे एकाहत्तरचं, पण पुढची जाळी नंतरची लावलीय, लबाड लेकाचे!" मग समोर कोण उभं आहे, काय सांगतंय, कुणाचं काय जळतंय, ह्याचं त्याला सोयरसुतक नसायचं. एकदा शेजारचा शिंपी मोठ्या हौसेने नवी सून दाखवायला घेऊन आला, तर हा तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत ओरडला, "अरे बापरे, मागची चाकं झाकलेली आहेत! फार जुनं धूड दिसतंय!" पोरगी बिचारी आपल्या पायांकडे बघायला लागली. शिंप्याने पुढे कितीतरी दिवस ह्याच्याशी बोलणं टाकलं, आणि का टाकलं ते ह्याला कधी कळलं नाही.

लोक हसायचे. तोवर ते हसण्यासारखंच होतं.

धंदा म्हणाल तर गाड्यांच्या काचा बसवायचा. दुकान म्हणजे एक लांबट गाळा. भिंतींना टेकवून उभ्या केलेल्या काचा, त्यांच्यामध्ये पुठ्ठे, खाली रबराच्या पट्ट्यांची वेटोळी आणि कोपऱ्यात साबणाच्या पाण्याची बादली. जुन्या गाडीची पुढची काच बसवणं हे हाताचं काम असतं. काचेभोवती रबर चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी फिरवायची, साबणाचं पाणी लावायचं आणि काच चौकटीवर टेकवायची. मग एकाने बाहेरून तळहातांनी दाबत राहायचं आणि दुसऱ्याने गाडीत बसून दोरी हळूहळू ओढायची. दोरी सुटत जाते तसं रबर चौकटीवर पलटत जातं. घाई केली की काच गेलीच. मॉडेलच्या हातून काच क्वचित जायची. हातात काच असली की हा माणूस इतका शांत, इतका जपून वागायचा, की बघणाऱ्याला वाटावं, काय सोन्यासारखा स्वभाव आहे! बायको म्हणायची, "तो स्वभाव दुकानातच कुलूप लावून ठेवतात हो, घरी नाही आणत." आणि ती काही वाढवून सांगणाऱ्यांतली नव्हती.

गाड्या ओळखायचं वेड त्याला लावलं मेस्त्रीने. मेस्त्री म्हणजे पलीकडच्या गॅरेजात इंजिनं उघडणारा, ह्याच्याच वयाचा, नखांत कायम काळं. तरुणपणी दोघं काम संपलं की मॉडेलच्या घराच्या फाटकापाशी उभे राहायचे, कारण तिथे रस्ता वळतो आणि वळणावर गाडी हळू होते. दिसायच्या आधी नुसत्या आवाजावरून गाडी ओळखायची, ही पैज. दिसली की दिव्याची कडी, दाराची मूठ, मागच्या काचेचा आकार बघून साल सांगायचं. आणि एक नियम होता, मेस्त्रीनेच घातलेला. बघायचं ते गाडीकडे. आत कोण बसलंय तिकडे नाही. त्याला कारणही होतं. असल्या गाड्यांत मोठी माणसं बसतात, त्यांच्या बायका-मुली बसतात. दोन कळकट पोरं आत डोकावताहेत म्हटल्यावर काच वर जाते, ड्रायव्हर अंगावर येतो आणि गाडी निघून जाते. तेच तुम्ही चाकापाशी वाकून बसा, पत्र्यावरून हात फिरवा, मालक उलट खूश होतो. मॉडेलने हा नियम असा काही अंगात मुरवला, की पुढे पुढे त्याला गाडीतली माणसं दिसेनाशीच झाली.

दोघांना एकच गाडी बघायची होती: घारी. गॅरेजच्या भिंतीवर एका जुन्या कॅलेंडरचं पान होतं, त्यावर तिचं चित्र. बुटकी, लांब नाकाची, पुढे दोन पिवळट दिवे, म्हणून घारी. हे नाव त्या दोघांनीच पाडलेलं. वळताना हिच्या दाराच्या खांबातून इंडिकेटरचा छोटासा हात बाहेर यायचा. मागची काच दोन तुकड्यांची, मध्ये पट्टी. फार थोड्या बनल्या म्हणे, आणि त्यातली एक आपल्या वळणावर येईल असं मानणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. तरी दोघं रोज उभे राहायचेच.

आणि रोज त्यांच्या पाठीमागे, फाटकाच्या आत, पायरीवर, मॉडेलची धाकटी बहीण बसलेली असायची. घरात तिला बारकी म्हणायचे. काहीतरी निवडत, शिवत, वाचत बसायची. ह्या दोघांचं बोलणं ऐकून ऐकून तिलाही निम्म्या गाड्या पाठ झाल्या होत्या. कधी कधी मान वर न करताच ती साल सांगून टाकायची, आणि ते बरोबर निघालं की मेस्त्री वळून बघायचा. मॉडेल वळायचा नाही. त्याची गाडी चुकेल ना!

तर व्हायचं ते झालं. एक दिवस बारकी आणि मेस्त्री लग्न करूनच दारात उभे राहिले. मॉडेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तू इथे गाड्या बघायला येत होतास की हिला?" त्याने मेस्त्रीला विचारलं.

"दोन्ही," मेस्त्री म्हणाला. खरं बोलला बिचारा.

मेस्त्रीत काही खोट होती का? मुळीच नाही. आधी विचारलं असतं तर मॉडेलनेच पुढे होऊन लग्न लावून दिलं असतं. त्याला झोंबलं ते हे, की सगळं त्याच्या पाठीला लागून चाललं होतं आणि त्याला दिसलं नव्हतं. माणूस आंधळा ठरला की आंधळेपणावर चिडत नाही, समोरच्यावर चिडतो. "आजपासून मला बहीण नाही," असं म्हणून ह्याने दार लावून घेतलं. आई आत उभी होती. ती मूग गिळून राहिली, कारण राहायचं होतं तिला मुलाकडेच. बारकी आणि मेस्त्री गाव सोडून गेले. मॉडेलने मग कुणी तिचं नाव काढलं तरी उठून जायचं, असा शिरस्ता ठेवला. बरीच वर्षं ठेवला. पोरांची लग्नं झाली, ती आपापल्या कामांना लांब गेली, बायकोचे केस पिकले, तरी ह्याचा हेका सुटला नाही.

मग आई अंथरुणाला खिळली. छातीत पाणी होत होतं. डॉक्टर म्हणाले, आता औषधाने काही व्हायचं राहिलं नाही, ज्यांना बोलवायचं असेल त्यांना बोलवून घ्या. आईला पुढच्या खोलीत, भिंतीला लावून खाट दिली होती. खिडकी उशाकडे होती, त्यामुळे तिला रस्ता दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. तिने कुणाचं नाव घेतलं नाही. फक्त एक दिवस मॉडेलचं मनगट धरलं आणि म्हणाली, "मला एकदा तिला बघू दे. मग तुझं तू काय ते भांड."

मावशीकडे बारकीचा नंबर होता. सगळ्या घराला ते ठाऊक होतं आणि सगळं घर ते ठाऊक नसल्यासारखं वागत होतं. मावशीकडून नंबर घेऊन ह्याने फोन लावला.

"बारके, आई बोलावतेय."

पलीकडून तिने विचारलं, "आई बोलावतेय, की तू?"

एक शब्द बोलायचा होता हो! 'दोघं' म्हणाला असता तर काय जीभ झडली असती? पण नाही. "आई," हा म्हणाला.

"बघते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून मॉडेल दुकान लवकर बंद करून घरी यायला लागला. फाटकासमोरची आपली स्कूटर त्याने पलीकडे नेऊन लावली. फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. बायकोने पाहुण्यांच्या चादरी धुतल्या. बारकी येईल ती बसने, स्टँडवरून रिक्षा करून, असं ह्याने मनाशी धरलं होतं. म्हणून रिक्षा वळली की हा उठून उभा राहायचा. तोंडाने म्हणायचा, "आईसाठी चाललंय हे सगळं, माझा राग काही गेलेला नाही." पण आरशात बघून दाढी करताना हा एकटाच काहीतरी पुटपुटायचा. बायकोने ऐकलं होतं. "ये. आत ये. बस," एवढंच होतं ते. पुन्हा पुन्हा तेच, वेगवेगळ्या आवाजात.

आणि एक दिवस सकाळी वळणापलीकडून आवाज आला.

मॉडेलच्या हातातला चहाचा कप तिथेच थांबला. असला आवाज त्याने उभ्या जन्मात ऐकला नव्हता, आणि तरी तो त्याच्या ओळखीचा होता. गाडी वळली. दाराच्या खांबातून इंडिकेटरचा छोटा हात बाहेर आला. लांब नाक, दोन पिवळट दिवे. घारी! घारी आली, आणि कुठे आली, तर ह्याच्या फाटकासमोर येऊन थांबली.

हा चप्पल न घालता धावला. पुढे एक ड्रायव्हर होता, भाड्याने आणलेला, कंटाळलेला. "कुणाची रे ही?" ह्याने विचारलं.

"मालकीणबाईंची," ड्रायव्हर म्हणाला आणि अंगठा मागे दाखवला.

"बरं बरं," हा म्हणाला आणि पुढच्या चाकापाशी खाली बसला.

मागच्या सीटवर कोण होतं, ते तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल. त्याच्या नाही आलं. तो चाकापासून सुरू झाला. दिव्याच्या कडीवर बोट फिरवलं, दाराची मूठ दाबून बघितली, वाकून खालचा पत्रा ठोकला. आणि मग त्याच्यातला जाणकार जागा झाला. जाणकाराला कौतुक करवत नाही. त्याला खोट काढायचीच असते. जिच्यासाठी एवढी वर्षं जीव टाकला ती दारात आली, तर हा तिच्यातलं खोटं शोधत बसला.

"ही इथली नाही," तो ड्रायव्हरला म्हणाला. "कुठून तरी उचलून आणलेली आहे. रंग बघ. अंगावर नवा फासलाय, पण वय झाकतंय होय? हिला कुणीतरी वाटेल तशी वापरलीय, मग सजवून उभी केलीय." ड्रायव्हरने जांभई दिली. हा मागे गेला. मागची काच अखंड होती, एका तुकड्याची. झालं! "हे बघ! पट्टीच नाही. मूळचं हिच्यात आता काय राहिलंय? नाव तेवढं राहिलंय. लोक फसत असतील, मी नाही फसणार."

मग हा मागच्या दारापाशी आला. रबर बघायला काचेला नाक लावलं. काच हळूहळू खाली गेली. आतून बाई काहीतरी बोलली, ड्रायव्हरला असावं. "वा!" हा म्हणाला, "काय लोण्यासारखी उतरली! हे हँडल मात्र मूळचं आहे." आणि पुन्हा पुढे गेला.

तेवढ्यात त्याला घरचं काम आठवलं. आठवलं एकदाचं! त्याने ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "बाबा रे, बघून झाली, आता ही इथून हलव. दारात उभी करू नको. आमच्या घरचं माणूस यायचंय."

गाडी क्षणभर तशीच उभी राहिली. मग मागून बाई काहीतरी म्हणाली, ड्रायव्हरने इंजिन चालू केलं आणि घारी वळणावरून निघून गेली. हा तिच्या मागच्या अखंड काचेकडे बघत उभा राहिला, ती दिसेनाशी होईपर्यंत.

आत आला तेव्हा चेहरा असा फुलला होता, की आईने उशीवरून मान उचलली. "कोण आलं होतं रे?"

"घारी आली होती, आई! घारी!" आणि तो खाटेच्या कडेला बसून तिला सगळं सांगायला लागला. दिवे, इंडिकेटरचा हात, नवा रंग, बदललेली काच. इतक्या आपुलकीने तो आईशी कितीतरी वर्षांत बोलला नव्हता. आईने सगळं ऐकून घेतलं.

"गाडीत कोण होतं?"

"एक ड्रायव्हर. आणि मागे कुणीतरी बाई."

"कशी होती दिसायला?"

"मी कुठे बघितलं?"

आईने डोळे मिटले. मग तोंड भिंतीकडे करून ती म्हणाली, "परत आली ना ती गाडी, तर आधी आतल्या माणसाला आत बोलाव." आजारी माणूस काहीतरी बरळतं असं समजून हा "हो हो" म्हणाला आणि दुकानात गेला.

मावशीचा फोन दुसऱ्या दिवशी आला, बायकोने घेतला. मावशी रडत होती आणि शिव्याही देत होती, दोन्ही एकदम. बारकी काल आली होती म्हणे. फाटकापर्यंत आली होती. भावानेच दारातून काढून दिली. बायको फोन तसाच हातात धरून दुकानात आली, काचांच्या मधून वाट काढत ह्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काल त्या गाडीत बारकीवन्सं होत्या."

हा एका काचेला रबर चढवत होता. हात थांबले. "कुठल्या गाडीत?"

"तुमच्या त्या घारीत, कपाळ माझं! काय बोललात तुम्ही त्यांच्यासमोर?"

काय बोलला होता? तो एकेक वाक्य आठवायला लागला, आणि एकेक वाक्य आठवेल तसा खाली बसत गेला. ही इथली नाही. वय झाकतंय होय? हिला कुणीतरी वाटेल तशी वापरलीय. मूळचं हिच्यात काय राहिलंय. मी नाही फसणार. दारात उभी करू नको. गाडी म्हणजे 'ही', आणि बहीण म्हणजेही 'ही'. एक शब्द असा नव्हता जो तिच्यावर बसत नव्हता. आणि शेवटी काय, तर घरचं माणूस यायचंय!

"अगं पण ते मी गाडीला म्हणालो," तो म्हणाला.

"ते त्यांना कुणी सांगायचं?" बायको म्हणाली.

बरोबर होतं. तिला सांगायचं होतं, बस. मॉडेलने ह्या एका गोष्टीला घट्ट धरलं. गैरसमज झालाय. नुसता गैरसमज. भाषेचा घोटाळा. तिच्या कानावर घातलं की ती हसेल, रडेल, आणि उद्याच्या उद्या येईल. त्याने फोन लावला. बारकीने उचलला नाही. पुन्हा लावला. शेवटी मेस्त्रीने उचलला. इतक्या वर्षांनी ते दोघं बोलत होते आणि बोलायला दोघांकडे गाडीच होती.

"तू बनवलीस?" मॉडेलने विचारलं.

"हो. भंगारात सापडली होती. वेळ मिळेल तसं करत गेलो." मेस्त्रीचा आवाज म्हातारा झाला होता. "मीच म्हटलं तिला, ही घेऊन जा. मी आलो तर तू भडकशील. पण घारी दारात बघितलीस की विरघळशील, असं वाटलं होतं मला. मागची काच मूळची मिळाली नाही रे. दोन तुकड्यांची कुठे मिळते आता? तिला म्हटलं होतं, काही बोलायला सुचलं नाही तर काचेचं काम काढ. दादाशिवाय कोण कापून बसवणार ती."

मॉडेलच्या तोंडातून एकदम सगळं बाहेर पडलं. ते गाडीबद्दल होतं, तिच्याबद्दल नव्हतं, तिला सांग, हातापाया पडतो, तिला सांग.

"सांगतो," मेस्त्री म्हणाला. पण असा म्हणाला, की त्याचा काही उपयोग व्हायचा नाही हे त्याला आधीच माहीत असावं.

ती आली नाही. आई काही विचारायची नाही. गाडीचा आवाज आला की फक्त ऐकत राहायची, आणि आवाज पुढे निघून गेला की पापणी हलायची. मॉडेलने तिला खरं सांगितलं नाही. "येते म्हणालीय," असं सांगत राहिला. आईने त्याला एकदाही खोटा पाडला नाही. एका दुपारी बायको तिला पाणी पाजायला गेली, तर आई गेली होती.

बारकी मग आली. आईला पोचवून सगळे परतले, तेव्हा ती घरात होती. बसने आली होती, एकटीच. मावशीशेजारी भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीवर. मॉडेलने तिच्याकडे बघितलं. म्हणजे खरंच बघितलं. केस निम्मे पांढरे, गालावर चष्म्याचा वळ, हनुवटी आईची. रस्त्यात भेटली असती तरी ओळखू आली असती. शंभर बायकांत ओळखू आली असती.

माणसं पांगायची वाट बघत हा थांबला. ती मोरीवर हात धुवायला गेली तसा मागोमाग गेला. दाढी करताना पाठ केलेलं "ये, बस" आता काही कामाचं नव्हतं. त्याने जे धरून ठेवलं होतं तेच काढलं.

"बारके, त्या दिवशी मी बोललो ना, ते तुझ्याबद्दल नव्हतं गं. तुझी शपथ. गाडीबद्दल होतं सगळं. मी आत कोण आहे ते बघितलंच नाही. तुझा गैरसमज झाला."

तिने नळ बंद केला. टॉवेलला हात पुसले, एकेक बोट पुसलं.

"मला माहीत आहे, दादा."

"काय माहीत आहे?"

"गाडीबद्दलच बोलत होतास. पहिल्याच वाक्याला कळलं मला. तुमच्या मागे पायरीवर बसून वाढले मी. तुझं ते बोलणं मला कळत नाही होय?"

मॉडेलचा आधारच गेला. "मग उतरली का नाहीस?" त्याने विचारलं.

"भांडायची तयारी करून आले होते मी," बारकी म्हणाली. आवाज चढला नव्हता, तीच तर पंचाईत होती. "तू शिव्या देशील, दार लावशील, मी पायरीवर बसेन, पण आईला भेटल्याशिवाय हलणार नाही, असं ठरवून आले होते. वाटेत सगळी उत्तरंसुद्धा पाठ केली होती. ते तू मला बोलला असतास ना, दादा, तर मी उतरले असते. मला वाटायचं, एवढी वर्षं हा माझ्यावर चिडून बसलाय. रागात का होईना, मी ह्याच्या मनात आहे." तिने टॉवेल जागेवर टाकला. "मी काच खाली केली. तुझं तोंड माझ्या तोंडासमोर होतं. मी 'दादा' म्हणाले. आणि तू म्हणालास, हँडल मूळचं आहे."

"आई होती ना पण आत," मॉडेल कसंबसं म्हणाला.

"होती. ते माझं पाप आहे, तुझ्या गळ्यात नाही घालणार मी." तिचे डोळे आता भरले, पण ती थांबली नाही. "राग झेलायला ये म्हटलं तर येता येतं माणसाला. पण जिथे आपण दिसतच नाही, तिथे कशाला उतरायचं?"

आतून मावशीने हाक मारली, तशी ती वळली आणि त्याच्या शेजारून आत गेली. तिला बस गाठायची होती. ती निघाली तेव्हा मॉडेल फाटकापर्यंत मागोमाग गेला, आणि ती वळणाआड होईपर्यंत तिच्याकडेच बघत उभा राहिला.